भूकंपाची खोली 10 किलोमीटर, हे मोजलं कुणी?

हिंगोली जिल्ह्यात 2024 साली दोनदा जमीन चांगलीच हादरली. 21 मार्चला सकाळी सहाच्या सुमारास आणि 10 जुलैला सव्वासातच्या सुमारास. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. दोन्ही वेळा बातमीत आकडा आला 4.5, आणि दोन्ही वेळा खोली लिहिली होती 10 किलोमीटर. मार्चमधल्या पहिल्या धक्क्यानंतर दहा-अकरा मिनिटांनी 3.6 चा दुसरा धक्का बसला. त्याचीही खोली 10 किलोमीटर.

भूकंपांच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्याला हा 10 चा आकडा ओळखीचा झालेला असतो. कच्छपासून अफगाणिस्तानपर्यंत तो पुन्हा पुन्हा भेटतो. पृथ्वीला नेमकी हीच खोली आवडते असं नाही. जवळ पुरेशी यंत्रं नसली की खोली मोजता येत नाही. मग गणित सुटावं म्हणून ती आधीच एका ठरावीक आकड्यावर धरून ठेवतात आणि बाकीची उत्तरं काढतात. जमिनीच्या भागातल्या उथळ भूकंपांसाठी हा धरलेला आकडा बहुतेकदा 10 असतो. एखाद्या बातमीतला 10 खरंच मोजलेला आहे की धरलेला, हे बातमी वाचून कळत नाही. दोन्हींत फरक मात्र फार मोठा आहे. चार किलोमीटरवर झालेला 4.5 चा भूकंप वरच्या गावातल्या मातीच्या भिंतींना जसा हलवेल, तसा पंधरा किलोमीटरवर झालेला हलवणार नाही.

भूकंपाची जागा, खोली, आकार आणि प्रकार हे चारही आकडे थेट दिसत नाहीत. पृष्ठभागावर विखुरलेल्या यंत्रांच्या नोंदींवरून ते उलट काढावे लागतात. म्हणून यंत्रं किती आहेत आणि कुठे आहेत, यावर उत्तराचा भरवसा ठरतो. कुठे आहेत हे तर संख्येहूनही जास्त मोलाचं, आणि ते समजण्यासाठी आधी लहरींकडे वळावं लागेल.

## दोन लहरी, एक अंतर

जमिनीखाली खडक जिथे तुटतो किंवा सरकतो त्या जागेला भूकंपनाभी म्हणतात. तिच्या बरोबर वर, पृष्ठभागावर जो बिंदू येतो ते अपिकेंद्र. नाभीतून एकाच क्षणी दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी कठीण खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावतात. दुय्यम लहरी मागून येतात, सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटरने. घर जोरात हलतं ते मुख्यतः या दुसऱ्या लहरींनी.

समजा, एकाच स्टँडवरून एकाच वेळी दोन एसटी सुटल्या, एक विनाथांबा आणि एक प्रत्येक फाट्यावर थांबणारी. तुम्ही कराडच्या स्टँडवर बसला आहात. गाड्या कुठून आणि किती वाजता सुटल्या हे तुम्हाला माहीत नाही. पण विनाथांबा आल्यावर किती वेळाने साधी आली हे घड्याळात पाहता येतं. दोन्हींचा वेग माहीत असेल तर त्या फरकावरून त्या किती लांबून आल्या ते निघतं. फरक थोडा तर सुटण्याची जागा जवळ, फरक जास्त तर लांब.

भूकंपमापकाच्या नोंदीवरही हेच करतात. दोन लहरींच्या येण्यात एका सेकंदाचा फरक म्हणजे साधारण 8 किलोमीटर अंतर. पाच सेकंदांचा फरक असेल तर भूकंप त्या स्टेशनपासून 40 किलोमीटरच्या आसपास झाला. दिशा मात्र यातून कळत नाही. म्हणून तीन स्टेशनांभोवती तीन वर्तुळं काढायची आणि ती एकमेकांना जिथे छेदतील तिथे भूकंप, असं शाळेच्या पुस्तकात असतं.

प्रत्यक्षात ही तीन वर्तुळं एका बिंदूत कधी मिळत नाहीत. एक तर लहरींचा वेग वाटेतल्या खडकाप्रमाणे बदलतो. शिवाय दुय्यम लहरीची सुरुवात आधीच्या लहरीच्या थरथरीत बुडालेली असते, ती नेमकी कुठे सुरू झाली हे ओळखणं हे अनुभवी माणसाचं काम. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे शोधायच्या गोष्टी तीन नसून चार आहेत: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप सुरू झाल्याचा क्षण. चार अज्ञात गोष्टी काढायला निदान चार स्वतंत्र नोंदी लागतात. नोंदींत चुका असतातच, त्यामुळे चारांवर भागत नाही.

लुडविग गायगर या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर जो मार्ग काढला तोच थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. आधी एक अंदाज धरायचा. त्या जागेवरून लहरी प्रत्येक स्टेशनला कधी पोहोचायला हव्या होत्या ते काढायचं, खऱ्या नोंदीशी ताडून पाहायचं, अंदाज थोडा सरकवायचा, पुन्हा ताडायचं. फरक आणखी कमी होईनासा झाला की थांबायचं. म्हणजे बातमीतलं अपिकेंद्र हा नोंदींशी सगळ्यांत चांगला जुळणारा बिंदू असतो. त्याच्याभोवती चुकीची एक मर्यादा असते, आणि ती बातमीत कधी छापली जात नाही.

## खोली इतकी हट्टी का?

शाळेतल्या पायथागोरसवर हे सुटतं. स्टेशन अपिकेंद्रापासून 5 किलोमीटरवर आहे असं धरा. नाभी 5 किलोमीटर खोल असेल तर लहरीला सुमारे 7.1 किलोमीटर यावं लागेल, 10 किलोमीटर खोल असेल तर 11.2. फरक जवळपास 4 किलोमीटरचा, म्हणजे वेळेत सुमारे 0.7 सेकंदाचा. आजचं यंत्र सेकंदाचा शंभरावा भाग टिपतं, त्याला हा फरक ठळक दिसतो.

आता तेच स्टेशन 200 किलोमीटरवर न्या. नाभी 5 किलोमीटरवर असो की 10, लहरीच्या सरळ वाटेत फरक पडतो 200 मीटरहूनही कमी. वेळेत 0.03 सेकंद. वाटेतल्या खडकाच्या वेगाबद्दल आपली जी अनिश्चितता असते ती याच्या कितीतरी पट आहे. खोलीची खूण त्यात पार हरवून जाते.

शिवाय खोली आणि सुरू होण्याचा क्षण एकमेकांत गुंततात. वरच्या एसटीकडे परत या. कराड, पेठनाका, कोल्हापूर अशा तिन्ही ठिकाणी माणसं बसवली आणि त्यांना फक्त विनाथांबा गाडीची वेळ टिपता आली. ती स्वारगेटवरून लवकर निघाली होती की साताऱ्याहून उशिरा, हे त्या तिघांना मिळूनही सांगता येणार नाही, कारण दोन्ही प्रकारांत तिघांच्या घड्याळात त्याच वेळा येतील. स्टेशनं सगळी लांब असली की भूकंपाचंही असंच होतं. लहरी जवळपास एकाच कोनातून निघून त्यांच्याकडे येतात. नाभी थोडी खोल ढकलली आणि सुरुवातीचा क्षणही त्या हिशेबाने थोडा सरकवला की सगळ्या वेळा पुन्हा जुळतात. गणिताला दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर वाटतात.

म्हणून या क्षेत्रातला साधा दंडक असा की भूकंप जितका खोल, साधारण तितक्याच अंतराच्या आत निदान एक स्टेशन हवं. 5 किलोमीटर खोलीचा भूकंप नीट मोजायचा तर पाच-दहा किलोमीटरच्या आत यंत्र पाहिजे. महाराष्ट्रातले भूकंप बहुतांशी उथळ आहेत, म्हणजे आपल्याला ही अट जास्तच जाचक. संपूर्ण देशाच्या राष्ट्रीय जाळ्यात आज दीडशेहून अधिक स्टेशनं आहेत. भारताच्या विस्तारावर ती पसरली की दोन स्टेशनांमध्ये सरासरी शंभराहून जास्त किलोमीटर अंतर पडतं. एवढ्या जाळ्यात मोठा भूकंप सुटणार नाही आणि जिल्हा-तालुकाही बऱ्यापैकी कळेल. खोली नीट कळण्यासाठी मात्र स्थानिक जाळंच लागतं.

## कोयनेचा नकाशा काढून पाहा

जगभरातल्या भूकंपशास्त्रज्ञांना तोंडपाठ असलेलं महाराष्ट्रातलं एक नाव म्हणजे कोयना. शिवाजीसागर जलाशय 1962 च्या सुमारास भरू लागला आणि परिसरात धक्के वाढले. म्हणून धरणावर नजर ठेवण्यासाठी पुण्याजवळच्या खडकवासल्यातल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने 1963 पासून तिथे भूकंपमापक बसवायला घेतले. कोयनानगर, गोवळकोट, सातारा आणि महाबळेश्वर अशी चार स्टेशनं झाली. त्या काळात, एका धरणासाठी, हे खरोखर दूरदृष्टीचं काम होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 महत्तेचा, म्हणजे आकाराचा, भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. या भूकंपाचा आधीचा आणि नंतरचा इतिहास आज आपल्याकडे आहे तो या यंत्रांमुळे.

नकाशावर ही चार ठिकाणं खुणावून पाहा. गोवळकोट चिपळूणला, म्हणजे धरणाच्या वायव्येला. महाबळेश्वर उत्तरेला, सातारा ईशान्येला, आणि चौथं खुद्द कोयनेत. दक्षिणेला काहीच नाही. 1967 चा भूकंप धरणाच्या दक्षिणेकडे, डोणाचीवाडीच्या बाजूला झाला आणि तिथेच जमिनीला भेगा दिसल्या. नंतरच्या वर्षांत धक्के आणखी दक्षिणेला, वारणेकडे सरकले. वारणेच्या बाजूने पाहिलं तर ही चारही स्टेशनं उत्तरेच्या अंगाला, वर्तुळाच्या जेमतेम साठ-पासष्ट अंशांत दाटलेली दिसतात. उरलेले तीनशे अंश रिकामे.

या रिकाम्या कोनाला दिशांची फट म्हणू. अपिकेंद्रात उभं राहून चहूकडे पाहिलं तर दोन लगतच्या स्टेशनांमध्ये जो सगळ्यांत मोठा कोन मोकळा असेल ती ही फट. ती 180 अंशांहून मोठी झाली, म्हणजे सगळी स्टेशनं एका बाजूला गेली, की जागा त्याच दिशेने मागेपुढे घसरते. उत्तरेची चार असोत की दहा, दक्षिणेकडचं एक नवं स्टेशन त्या सगळ्यांहून जास्त सुधारणा करतं. म्हणूनच 1967 च्या धक्क्याची वेगवेगळ्या संस्थांनी काढलेली अपिकेंद्रं एकमेकांपासून बरीच लांब पडली होती. कोणी निष्काळजी होतं असं नाही, प्रत्येकाच्या हातात वेगळ्या दिशांच्या आणि वेगळ्या अंतरांच्या नोंदी होत्या. पुढे कोयना-वारणेचं जाळं दाट होत गेलं. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, म्हणजे मेरीची, स्टेशनं, मग 2005 पासून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची, म्हणजे एनजीआरआयची, डिजिटल स्टेशनं. तेव्हा चित्र स्वच्छ झालं: सगळे धक्के सुमारे 20 गुणिले 30 किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि बहुतेकांची खोली 10 किलोमीटरच्या आत.

जगभर मानला जाणारा एक निकष इथे सांगण्याजोगा आहे. 250 किलोमीटरच्या आत निदान 10 स्टेशनं, दिशांची फट 110 अंशांहून कमी, कोणतंही एक स्टेशन वगळलं तरी फट 160 च्या आत, आणि निदान एक स्टेशन 30 किलोमीटरच्या आत. एवढं जमलं तर अपिकेंद्र 95 टक्के खात्रीने 5 किलोमीटरपर्यंत अचूक मानतात. चार अटींपैकी संख्येची अट एकच आहे आणि उरलेल्या तीन जागेच्या. आणि एवढं करूनही ती हमी अपिकेंद्रापुरतीच आहे, खोलीची त्यात नाही.

## दीड किलोमीटर खाली उतरलेली यंत्रं

कोयनेत स्टेशनं वाढवताना पुढचं पाऊल खालच्या दिशेने पडलं. सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट, लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. थरांच्या मध्ये सच्छिद्र, झिजलेला, भेगाळ भाग असतो. त्यातून येताना लहरीचा वेग बदलतो आणि बारीक, जलद कंपनं विरून जातात. भूकंप मात्र त्याखालच्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकात होतात. मग यंत्रच बेसाल्टखाली का नेऊ नये?

केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने हाती घेतलेल्या खोदकामात परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीची विवरं घेतली गेली. कोयनेजवळ रासाटीला बेसाल्ट सुमारे 930 मीटर जाड निघाला आणि त्याखाली थेट पायाचा खडक लागला. अशा विवरांच्या तळाशी भूकंपमापक सोडले. तिथे वाऱ्याने झाडं हलत नाहीत, ट्रक जात नाहीत, पंप चालत नाहीत. पृष्ठभागावरच्या गोंगाटात कधीच दिसला नसता इतका बारीक धक्काही तिथे स्वच्छ उमटतो. शिवाय सगळ्यांत बेभरवशाचा वरचा थर लहरीच्या वाटेतून वगळला जातो. कोयनेतल्या नाभींची चूक आता काही शे मीटरांवर आली आहे. त्या अचूकतेच्या आधारावरच गोठणे इथे 3 किलोमीटर खोलीचं पथदर्शी विवर 2017 मध्ये पूर्ण झालं. भ्रंश, म्हणजे खडक ज्या भेगेवर सरकतो ती, पाच-सात किलोमीटर खाली नेमकी कुठे आहे हे माहीत नसताना एवढं महागडं खोदकाम कुठे करायचं, हेच ठरवता आलं नसतं.

धक्के पुष्कळ असतील तर आणखी एक युक्ती चालते. एकमेकांच्या जवळ झालेल्या दोन धक्क्यांच्या लहरी दूरच्या स्टेशनला जवळजवळ एकाच वाटेने जातात, त्यामुळे वाटेतल्या खडकाची चूक दोघांनाही सारखी लागते. दोन्ही वेळांची वजाबाकी केली की ती चूक गळून पडते आणि एक धक्का दुसऱ्यापासून किती मीटरवर झाला हे फार बारकाईने कळतं. 2000 साली मांडलेल्या या पद्धतीने कित्येक ठिकाणी ढगासारखे पसरलेले बिंदू एका सरळ रेषेत येऊन बसले आणि भ्रंश डोळ्यांना दिसला.

## आकार, दिशा, ताण

जागा कळली तरी काम संपत नाही. भूकंप केवढा होता, खडक कोणत्या दिशेने सरकला, किती ताण मोकळा झाला, याही गोष्टी हव्या असतात.

महत्ता म्हणजे भूकंपाचा आकार सांगणारा एकच आकडा. 1935 मध्ये चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियासाठी तो काढण्याची पद्धत बसवली. यंत्राच्या सुईने किती मोठी हालचाल टिपली ते बघायचं आणि अंतराचा हिशेब लावून दुरुस्त करायचं. प्रत्येक स्टेशन आपापला आकडा देतं आणि सगळ्यांची सरासरी घेतात. गाळाच्या जमिनीवरचं स्टेशन जास्त सांगतं, कातळावरचं कमी. भूकंपाची ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी जातही नाही. दोनच स्टेशनं असली आणि दोन्ही नेमकी जोराच्या दिशेला पडली, तर आकडा फुगतो. 0.2 चा फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण ऊर्जेच्या हिशेबात तो जवळपास दुपटीचा आहे. आज शास्त्रज्ञ शक्यतो वेगळी महत्ता वापरतात. भ्रंशाचा किती भाग, किती सरकला आणि खडक किती ताठ, या तिन्हींच्या गुणाकारावर ती बसते. तिला तर वेगवेगळ्या दिशांच्या नोंदी आणखीच हव्यात.

खडक सरकण्याची दिशा कशी कळते, हे मला या साऱ्यातलं सगळ्यांत सुंदर काम वाटतं. पहिली लहर पोहोचते त्या क्षणी जमीन काही स्टेशनांत वर ढकलली जाते, काहींत खाली ओढली जाते. नाभीभोवती याचे चार भाग पडतात, दोन वर आणि दोन खाली, आलटून पालटून. प्रत्येक स्टेशनची एकेक खूण नकाशावर मांडली की या भागांच्या सीमा उमटतात आणि त्यातली एक सीमा खुद्द भ्रंशाची असते. खडक आडवा सरकला, खाली घसरला की वर चढला, हे त्या आकृतीवरून वाचता येतं. पण स्टेशनं एकाच बाजूला असतील तर एकाच भागातल्या खुणा मिळतात, आणि त्या खुणांत हव्या तेवढ्या सीमा बसवता येतात.

सगळ्यांत नाजूक असते ती ताण-घट, म्हणजे खडक सरकल्यावर भ्रंशावरचा किती ताण उतरला तो आकडा. तो काढायला नोंदीतल्या कंपनांची वारंवारिता पाहतात. एका ठरावीक वारंवारितेच्या पुढे कंपनांचा जोर झपाट्याने उतरू लागतो. ते वळण कुठे आहे त्यावरून तुटलेल्या भागाची लांबी-रुंदी कळते. ताण-घट या वळणाच्या वारंवारितेच्या घनावर अवलंबून असते. वळण वाचण्यात 20 टक्क्यांची चूक झाली तर 1.2 चा घन, म्हणजे 1.73. उत्तर 73 टक्क्यांनी फुगलं. आणि नेमकी हीच जलद कंपनं वरच्या झिजलेल्या थरात विरतात! पृष्ठभागावरच्या एकाच स्टेशनवरून काढलेल्या ताण-घटीवर म्हणूनच फार विसंबू नये. अनेक स्टेशनं, शक्य तर कातळावरची किंवा विवरातली, आणि त्यांची एकत्र सरासरी. यापलीकडे दुसरा उपाय नाही.

## आकडे नंतर बदलतात, मग आधीची बातमी खोटी होती का?

नाही. पहिला आकडा काही मिनिटांत संगणक स्वतः काढतो, तोवर पोहोचलेल्या थोड्या स्टेशनांच्या जोरावर. बचावकार्याला तो लागतोच, त्याची वाट पाहत बसून चालत नाही. नंतर आणखी स्टेशनांच्या नोंदी येतात, माणूस प्रत्येक लहरीची सुरुवात डोळ्यांनी तपासतो आणि अपिकेंद्र दहा-वीस किलोमीटर सरकतं, महत्ता 0.1-0.2 ने हलते. भारतीय संस्था आणि अमेरिकेची संस्था यांचे आकडे जुळले नाहीत तर त्यामागेही हेच कारण असतं. दोघांची स्टेशनं वेगळी, खडकाच्या वेगाची कोष्टकं वेगळी, महत्तेच्या पद्धतीही बऱ्याचदा वेगळ्या.

## यंत्रं बसवली आणि धक्के वाढले, असं का दिसतं?

हा प्रश्न पालघरच्या लोकांनी विचारला आणि तो अगदी रास्त होता. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. घरं सोडून लोकांनी तंबूंत रात्री काढल्या. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि एनजीआरआय यांनी परिसरात यंत्रं बसवली, आणि त्यानंतर नोंदलेल्या धक्क्यांची संख्या हजारोंत गेली.

लहान भूकंप मोठ्यांहून कितीतरी जास्त होतात. महत्ता एकने कमी झाली की संख्या साधारण दहापट होते. लांबच्या स्टेशनला 2.5 च्या खालचा धक्का दिसतच नसेल आणि जवळच्या नव्या स्टेशनला 0.5 चाही दिसत असेल, तर दोन पायऱ्या उतरून यादी शंभरपट लांबू शकते. जमिनीत काहीही बदललेलं नसतं. म्हणून धक्के खरंच वाढले का हे पाहायचं असेल, तर स्टेशनं वाढण्याच्या आधीही जे नक्की सापडत होते तेवढेच मोठे धक्के दोन्ही काळांत मोजायचे. हे न करता काढलेला आलेख लोकांना विनाकारण घाबरवतो, आणि वर्तमानपत्रांनी तो छापण्याआधी एकदा विचारून घ्यावं असं मला तळमळीने वाटतं.

लोकांना झालेला त्रास मात्र खरा होता. उथळ भूकंप लहान असला तरी वरच्या गावात स्फोटासारखा आवाज करतो. हिंगोलीत वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. अशा आवाजांना भास म्हणून उडवून लावणं चूक आहे. जवळ यंत्र असेल तर आवाजाची वेळ आणि नोंदीची वेळ ताडून पाहता येते.

## म्हणजे जितकी स्टेशनं जास्त तितकं चांगलं?

बऱ्याच अंशी, पण डोळे झाकून नाही. घड्याळ एका सेकंदाने चुकलेलं स्टेशन 6 किलोमीटरची चूक गणितात आणतं आणि बाकीच्या चांगल्या नोंदींनाही ओढून नेतं. जुन्या काळी कागद गुंडाळलेला ढोल मिनिटाला 60 मिलिमीटर फिरायचा, म्हणजे एक सेकंद एक मिलिमीटरभर. सेकंदाचा दहावा भाग वाचायला भिंगाखाली मिलिमीटरचा दहावा भाग ओळखावा लागे, आणि घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी रोज जुळवावं लागे. आज जीपीएसमुळे ही कटकट गेली. तरी अँटेनाची तार उंदराने कुरतडली की तीच चूक परत येते.

एकाच खोऱ्यात दहा यंत्रं रांगेने लावली तर दिशांची फट जशीच्या तशी राहते. आणि खडकाच्या वेगाचं कोष्टक चुकीचं असेल तर स्टेशनं वाढल्यावर गणित चुकीच्या जागेवर जास्त ठाम होतं. म्हणून स्टेशनं वाढवण्याबरोबर त्या भागाचं वेगाचं कोष्टकही नव्याने बांधावं लागतं. खाणीतल्या नियोजित सुरुंगाची जागा आणि वेळ आधीच माहीत असते, त्याच्या नोंदीवरून ते तपासूनही घेता येतं.

## यातून भाकीत करता येईल?

अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल, असं जगात कुणालाही सांगता येत नाही. स्टेशनं दहापट केली तरी तेवढ्याने ते जमणार नाही. मिळतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एक, कोणता भ्रंश जागा आहे, तो किती लांब आहे आणि कुठल्या गावांखालून जातो, याचा नकाशा. पूल, धरण, शाळा कशा बांधायच्या हे त्यावर ठरतं.

दुसरी, काही सेकंदांची आगाऊ सूचना. नाभीपासून 10 किलोमीटरवरच्या स्टेशनला पहिली लहर दोनएक सेकंदांत कळते. 100 किलोमीटरवरच्या शहरात जोराची दुय्यम लहर पोहोचायला 28-29 सेकंद लागतात. मधल्या वेळात संदेश पोहोचला तर रेल्वे थांबवता येते, लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणता येते. नाभीच्या वरच राहणाऱ्यांना ही सवड मिळत नाही. 1995 च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर वीस-तीस किलोमीटरच्या अंतराने जवळपास 800 विवरांत यंत्रं उतरवली, ती आज या दोन्ही कामांना येतात.

## यंत्र आधी हवं

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. पण आदल्या वर्षी, 1992 च्या पावसाळ्यापासून, त्याच परिसरात धक्के बसत होते हे फार जणांना आठवत नाही. ऑक्टोबर 1992 मध्ये तर चांगला मोठा धक्का बसला होता. गावाजवळ यंत्रांचं जाळं नव्हतं. हैदराबादची वेधशाळा 200 किलोमीटर पलीकडे होती. ते धक्के किती खोल होते, एका रेषेत होते का, खडक कसा सरकत होता, यातलं काही त्या अंतरावरून नीट काढता येण्यासारखं नव्हतं. भूकंपानंतर मात्र भारतीय आणि जर्मन पथकांनी तात्पुरती स्टेशनं लावली आणि नंतरचे धक्के बारकाईने मोजले. भ्रंश अगदी वरपर्यंत आला होता, किल्लारीजवळच्या शेतांत जमीन उचललेली दिसत होती. एवढा उथळ होता म्हणूनच तर 6.2 च्या भूकंपाने हजारो माणसं घेतली.

1992 मध्ये तिथे चार-पाच यंत्रं असती तर भूकंप टळला नसता, आणि तारीखही कुणाला सांगता आली नसती. पण गावांच्या खाली, अगदी उथळावर, एक भ्रंश हलतो आहे हे कळण्याची शक्यता होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं वजन असलेल्या घरांबद्दल बोलायला मग हातात काहीतरी असतं.

स्टेशन म्हणजे फार अवाढव्य काही नसतं. कातळापर्यंत खणून बांधलेला सिमेंटचा लहानसा चौथरा, त्यावर डब्याएवढं यंत्र, बाहेर सौरपत्रा, जीपीएसची अँटेना आणि कुंपण. जागा बहुतेकदा शाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या बांधालगत मिळते. आजूबाजूला पिठाची गिरणी, बोअरचा पंप किंवा वाहता रस्ता नको. उंच झाडही नको, वाऱ्यात त्याची मुळं जमीन हलवतात. ज्या तालुक्यात वर्षानुवर्षं धक्के बसताहेत तिथल्या ग्रामसभेने अशी एक शांत, कातळ वर आलेली जागा ठराव करून देऊ केली, बॅटरी आणि सौरपत्रा चोरीला जाणार नाही याची हमी घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे मागणी लावून धरली, तर स्टेशन उभारण्यातला बराच अवघड भाग तिथेच उरकतो. जागा निवडताना एवढं बघावं की शेजारच्या तालुक्यात आधीच स्टेशन असेल, तर नवं त्याच्या विरुद्ध बाजूला यावं.